लंडनमधल्या पबांबद्दल विचारलंस म्हणून

'ताई' म्हणून लिहिलंस, तेव्हा अरेतुरेच करते. इंदिरानगरातून तू, बायको आणि पाच वर्षांची मुलगी असे तिघं लंडनला निघाला आहात, आणि तुझं विचारणं एवढंच की सगळीकडे सारखे दिसणारे साखळीवाले पब टाळून स्वतंत्र पब आणि वेगळ्या चवीची बिअर कशी शोधायची. व्हिसा, भाडं, विमा यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, त्यात मी पडत नाही. मी सध्या पंचवटीत आईकडे आले आहे. तुझा प्रश्न वाचला आणि रात्री उशिरापर्यंत जागीच राहिले. इतकी वर्षं तिकडे राहते, पण नाशिकच्या माणसांनी मला पगार विचारला, घर स्वतःचं का ते विचारलं, थंडी किती असते ते विचारलं. पबबद्दल कुणी विचारलं नव्हतं, आणि त्या शहरात मी टिकले त्यात एका पबचा वाटा मोठा आहे.

आधी मालकीचं समजून घे. लंडनमधले बरेच पब चालवणाऱ्याच्या मालकीचे नसतात. जागा एखाद्या ब्रुअरीची, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याची, किंवा पब कंपनीची असते. चालवणारा भाडं भरतो, आणि बिअरही त्याच कंपनीकडून, ती लावेल त्या भावाने घ्यायची अशी अट त्याच्यावर असते. अशा पबला टाइड हाउस म्हणतात. अट नसलेला तो फ्री हाउस. १९८९ साली सरकारने मोठ्या ब्रुअऱ्यांवर बंधन आणलं, एकेकीचे २,००० च्या वर जितके पब असतील त्यातल्या निम्म्यांची तरी अट सोडायची. त्यांनी पब विकायला काढले, आणि त्यातले कितीतरी नव्याने उभ्या राहिलेल्या पब कंपन्यांनी उचलले. मालक बदलला, अट तशीच राहिली. २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूंना अट सोडून नुसतं बाजारभावाने भाडं भरण्याचा पर्याय मागता येतो, पण तो मागायला वकिलाचा खर्च आणि धीर लागतो. त्यामुळे जुनी पाटी, लाकडी बाकं आणि खडूने लिहिलेला फळा बघून पब स्वतंत्र आहे असं धरू नकोस. बारवर सरळ विचार, हा फ्री हाउस आहे का. ज्याचा असतो तो अभिमानाने सांगतो.

बिअरच्या नावांचंही तसंच. कॅम्डन टाउन ही लंडनचीच ब्रुअरी २०१५ साली एबी इनबेव्ह या अवाढव्य बिअर कंपनीकडे गेली. तशीच बीव्हरटाउन २०२२ मध्ये पूर्णपणे हायनेकेन या दुसऱ्या बड्या कंपनीची झाली. फुलर्सची चिझिकमधली ब्रुअरी २०१९ पासून जपानच्या असाहीकडे आहे. डबे अजून तसेच रंगीत, लहान कारखान्याचे वाटावेत असे. त्या बिअर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण तुला स्वतंत्र हवंय, तर पैसे कुणाकडे जातात हे माहीत असू दे.

एक सांगते, टाइड हाउस म्हणजे टाकाऊ असंही नाही. लंडनच्या बरो भागात टॅबर्ड स्ट्रीटवर रॉयल ओक नावाचा पब आहे. तो ससेक्समधल्या लुइसच्या हार्वीज ब्रुअरीचा. ती १७९० पासून चालत आलेली घरची ब्रुअरी आहे, आणि त्यांची ससेक्स बेस्ट ही बिअर तिथे जशी मिळते तशी मला फारशी कुठे मिळालेली नाही. एकाच ब्रुअरीचा पब, पण ब्रुअरी छोटी आणि जीव ओतून काम करणारी, म्हणजे काम झालं. उलट ट्रफल्गार चौकाजवळचा हार्प बघ. एका बाईंनी स्वतंत्र चालवलेला तो पब २०१० साली काम्रा या बिअरप्रेमींच्या संघटनेने देशातला सर्वोत्तम ठरवला, आणि २०१४ मध्ये तो फुलर्सने विकत घेतला. बिअर आजही चांगली मिळते. पण स्वतंत्र पब आज आहे म्हणून उद्या असेलच असं नाही, हे ध्यानात ठेव.

काम्रा म्हणजे पिंपातली जिवंत बिअर वाचवायला १९७१ साली चौघांनी सुरू केलेली चळवळ. त्यांचं गुड बिअर गाइड दर वर्षी निघतं, आणि त्यातले पब त्या त्या भागातले सभासद स्वतः पिऊन निवडतात. गेल्यावर ते पुस्तक आधी घे.

आता पिंपातल्या बिअरबद्दल, कारण तुझा खरा आनंद तिथे आहे. कास्क एल म्हणजे पिंपातच शेवटचं आंबवण होणारी बिअर. वरून गॅसचा दाब नाही, तळघरातून हातपंपाने ओढून काढतात, आणि ती ११ ते १३ अंशांवर देतात. आपल्याकडे बर्फासारखी थंड स्ट्राँग प्यायची सवय असते, म्हणून पहिल्या घोटाला ती कोमट आणि मिळमिळीत वाटेल. नावं ठेवू नकोस, थांब. ती जीभ बधिर करत नाही, म्हणून माल्टचा, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याचा गोडवा आणि हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा वेगवेगळा कळतो. पिंप उघडलं की आत हवा जाते आणि तीनेक दिवसांत बिअर उतरते. म्हणून बारा हातपंप बघून हुरळून जाऊ नकोस. गिऱ्हाईक कमी आणि पंप जास्त असतील तर निम्म्या बिअर शिळ्या असणार. चारच पंप, पण सतत हलणारे, तो पब चांगला. आंबट लागली तर ग्लास परत ने आणि शांतपणे सांग. बदलून देतात, आणि कुरकुर न करता देतात का यावरून पबची पारख होते. पाइंट म्हणजे ५६८ मिली. हाफ माग, आणि कडक बिअर असेल तर थर्ड, म्हणजे पाइंटचा तिसरा हिस्साही मिळतो. सुरुवात माइल्ड किंवा बिटर या हलक्या प्रकारांनी कर, त्यात मद्य तीन-चार टक्केच असतं. पोर्टर ही काळसर बिअर मात्र चुकवू नकोस, ती लंडनचीच, अठराव्या शतकापासूनची.

जागा सांगते, पण थोड्याच. हायगेट रोडवरचं साउदम्प्टन आर्म्स फक्त लहान स्वतंत्र ब्रुअऱ्यांची एल आणि सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, ठेवतं. बर्मंडसीत रेल्वेच्या कमानींखाली २००९ साली कर्नेल ब्रुअरी सुरू झाली, मग तिच्या आजूबाजूला इतर आल्या. शनिवारी दुपारी तिथे फार झुंबड उडते, उघडल्या उघडल्या जा. नन्हेडचं आयव्ही हाउस विकलं जात होतं, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी एकत्र येऊन ते २०१३ मध्ये विकत घेतलं, सहकारी तत्त्वावर. सहकारात वाढलेल्या आपल्या माणसांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. आणि आग्नेयेकडच्या उपनगरांत मायक्रोपब शोध. दुकानाच्या गाळ्यात एक खोली, मोजकी पिंपं, आणि मालक स्वतः ओतायला उभा. ही कल्पना केंटमधल्या हर्न गावात २००५ साली एका जुन्या खाटकाच्या दुकानात सुरू झाली.

देसी पब, म्हणजे आपल्याकडच्या लोकांनी चालवलेले पबही बघून ये. साउथॉलला ग्लासी जंक्शन होता, तिथे रुपये चालायचे. २०१२ मध्ये तो बंद झाला. बर्मिंगहॅमकडे अजून बरेच आहेत, तंदूरच्या धुरासकट. हे मौजेसाठी निघालेले नव्हते. साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकसारख्या गावांत फाउंड्रीतून घामेजून बाहेर पडलेल्या आपल्या माणसांना कित्येक पबांत बसू देत नसत, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्वतः स्मेदिकला आले, तेव्हा त्यांनाही एका पबमध्ये काही द्यायला नकार दिला. मी बारपाशी उभी राहते तेव्हा हे मला आठवतं. आज माझ्याकडे कुणी वळून बघत नाही, याची किंमत कुणीतरी आधी मोजली आहे.

आणि मी बाई आहे, हेही यात आहे. आमच्या लहानपणी परमिट रूम म्हणजे काळी काच आणि आत पडदा. द्वारकेवरून चालत जाताना आई माझा हात धरून रस्ता ओलांडायची. आता गंगापूर धरणाकडे वायनरीत मुली उघड्यावर पेला घेऊन बसतात, ते बघून मला मनापासून बरं वाटतं. पण मी ज्या नाशिकमधून गेले, तिथून पबचं दार ढकलणं फार लांब होतं.

ढकललं ते मुलाच्या शाळेमुळे. तो दहा वर्षांचा होता, इथे मराठी माध्यमात, पाढे तीसपर्यंत पाठ. आम्ही जानेवारीत पोचलो. वर्षाच्या मध्येच येणाऱ्या मुलाला जिथे जागा रिकामी असेल तिथे पाठवतात, त्यामुळे घराजवळची शाळा सोडून दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. तिथे त्याला गणिताच्या सगळ्यात खालच्या गटात बसवलं, कारण शाब्दिक उदाहरणं इंग्रजीतून वाचायला त्याला वेळ लागायचा. मी भेटायला गेले. बाई गोड बोलल्या, मुलगा छान रुळतोय म्हणाल्या. मी नाशिकचं प्रगतिपुस्तक पुढे केलं. त्यांनी उघडलं, मराठी बघितलं, आणि मिटून परत दिलं. तो राग अजून गेलेला नाही. मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे, म्हणतो मला यातलं काही आठवत नाही. मला तर त्या टेबलाचा रंगही आठवतो.

तिथून घरी जाववेना. कोपऱ्यावर पब होता, दुपारची रिकामी वेळ. आत गेले आणि काय मागायचं ते कळेना, तर मालकिणीने दोन घोट चाखायला दिले आणि मग विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, जवळच्या शाळेच्या वेटिंग लिस्टमध्ये नाव कायम ठेव, दर आठवड्याला फोन कर, आणि पुढच्या गल्लीतलं अमुक कुटुंब ईस्टरला केंटला राहायला चाललंय, त्यांची मुलगी त्या शाळेत त्याच वर्गात आहे. ही माहिती कुठल्याच कार्यालयात मिळाली नसती. ईस्टरनंतर मुलगा घराजवळच्या शाळेत गेला. स्वतंत्र पब शोध असं मी सांगते ते याच्यासाठी. कंपनीच्या पबमधला मॅनेजर भला असतो, पण त्याची बदली होते. ती बाई त्या गल्लीत तीसेक वर्षं होती, बिअर तिची निवड होती आणि माणसंही तिची होती. तेव्हा शहरभर हिंडून पाहा, पण घरापासून चालत जाता येईल असा एक पब पक्का कर आणि शुक्रवार-शनिवार सोडून मधल्या वारी जा. मुलीला नेता येतं, पण बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी एका वेळेनंतर मुलांना थांबू देत नाहीत, ते आधी विचार.

एकटेपणाचं तू विचारलेलं नाहीस. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, माणूस एकटा पडतो, फेब्रुवारीनंतर सावरतो. त्याहून जास्त लिहीत नाही.

आईला अजून माहीत नाही की मी पबमध्ये जाते. बाबांना माहीत होतं. ते नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, जिथे देशाचे पासपोर्ट छापतात. निवृत्तीनंतर लंडनला आले तेव्हा मी त्यांना तिथे नेलं. त्यांनी लाइम सोडा घेतला, म्हातारी माणसं, बायका, कुत्री, सगळं निरखलं आणि म्हणाले, हा तर गावचा पारच आहे.

ते गेले तेव्हा मला येता आलं नाही. आमचा व्हिसा वाढवण्याचा अर्ज अडकला होता, आणि अर्ज चालू असताना देश सोडला तर तो मागे घेतला असं धरतात. चौघांचं राहणं त्या एका अर्जावर होतं. अडकला कशाने, तर माझ्या नावाने. डिग्रीवर माहेरचं नाव आणि मधे बाबांचं, पासपोर्टवर सासरचं आणि मधे नवऱ्याचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. ही एकच बाई आहे हे सिद्ध करा, असं पत्र आलं. आपल्याकडे घरोघरी हे असंच असतं, कुणाला खटकत नाही. मी त्या संध्याकाळी मालकिणीच्या स्वयंपाकघरात बसून फोनवर अंत्यविधी बघितला.

तू बिअरचं विचारलंस आणि मी कुठे पोचले. पण तुझ्या बायकोची डिग्री, पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला आज रात्रीच शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघ. जुळत नसेल तर राजपत्रात नावबदल आणि प्रतिज्ञापत्र नाशिकमधूनच करून घ्या, विमानात बसायच्या आधी.