मिरजेला तानपुरा घ्यायला जाण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तानपुरा घेण्यासाठी मिरजेला जायचे ठरवल्याचे तुझ्या पत्रातून कळले आणि फार आनंद झाला. वाद्य हल्ली घरपोचही मागवता येते, तरी तू स्वतः जावेस आणि सवडीने जावेस, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सतारमेकर गल्लीत गेल्यावर किंमत विचारण्यापूर्वी जवारी (तारांचा आवाज खुलवणारी घोडीची घासणी) लावणाऱ्या कारागिराजवळ बसण्याची परवानगी माग. तो घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या तुकड्यावर, हलक्या हाताने कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो, तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवतो आणि तेवढ्यात मिटलेला आवाज असा खुलतो, की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या, तारेतून गंधार (‘ग’) स्पष्ट ऐकू येऊ लागतो. त्याने रीतसर गाणे शिकलेले असेलच असे नाही. पण त्याचा सगळा हिशेब कानाचा असतो, आणि तो कान आपल्यातल्या अनेक गाणाऱ्यांपेक्षा तयार असतो. मंगळवेढा-पंढरपूर भागातून वाद्यांसाठी आलेले भोपळे, त्यांच्याखाली चाललेले हे काम आणि जुळणाऱ्या तारांचा आवाज ऐकत शाळेला जाणारी मुले, हे सारे त्या गावाला नित्याचे आहे. एकेकाळी शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगारांच्या घरांत एकोणिसाव्या शतकात ही विद्या रुजली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले; परंतु ही कला टिकायची तर जवारी कळणारे गिऱ्हाईक त्याहून अधिक गरजेचे आहे, असे मला मनापासून वाटते.

मीरासाहेबांच्या दर्ग्यात अवश्य जा. १९३७ मध्ये निवर्तलेल्या, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तेथे आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते. उरुसाला आलेला भाविक तेथे सहज श्रोता होतो, म्हणून जमल्यास त्याच सुमारास जा. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर गाणे शिकले, तेही याच गावात.

जाण्यापूर्वी आपल्या गाण्याची पट्टी (सुराची उंची) पेटीवर नक्की कर, कारण तारांची जाडी तिच्यावर ठरते. वाद्य घेतल्यावर कारागिराचा पत्ता लिहून ठेव. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी उतरते, तेव्हा शक्यतो त्याच हातांकडे वाद्य घेऊन जा.

कळावे.