सोळा प्रकारांत मुलीची बुद्धी शोधू नका

लातूरहून एका वडिलांनी पाठवलेल्या पत्राचा आशय असा: मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे, दहावीला 91 टक्के गुण होते आणि आता नीटचा क्लास सुरू आहे. सराव परीक्षेत भौतिकशास्त्राचा भाग वेळेत पूर्ण होत नाही. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून त्यांनी तिला माणसांचे सोळा प्रकार पाडून प्रत्येकाला चार अक्षरांचे नाव देणारी इंटरनेटवरची व्यक्तिमत्त्व चाचणी द्यायला लावली. पहिल्या दोन वेळा निकाल ‘आयएसएफपी’ आला. तिसऱ्यांदा वडील स्वतः शेजारी बसले, तेव्हा तो ‘आयएनटीजे’ आला. चुलतभावाच्या मुलाचा प्रकारही हाच असून सर्वांत बुद्धिमान माणसे याच प्रकारात मोडतात, असे त्यांच्या वाचनात आले आहे. ते विचारतात की, कोणता निकाल खरा मानायचा आणि बारावीच्या आत मुलीचा प्रकार बदलावा म्हणून व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावावा का?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातील गुणांची मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती तिसऱ्या चाचणीची. सोळा वर्षांची मुलगी पडद्यासमोर बसली आहे, शेजारी वडील बसले आहेत, आणि ‘निर्णय घेताना तुम्ही भावनेपेक्षा तर्काला महत्त्व देता का’ हा प्रश्न समोर आला आहे. त्या क्षणी ती स्वतःविषयी उत्तर देत नाही, वडिलांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन उत्तर देते. तो अंदाज तिने अचूक बांधला, एवढेच त्या निकालावरून कळते. तो निकाल तुम्ही कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि चुलतभावाने अभिनंदन केले, असेही तुम्ही आनंदाने लिहिले आहे. आधीच्या दोन वेळी तिने जे प्रामाणिकपणे सांगितले ते घरात कोणाला नको होते, हे तिला यातून किती स्पष्ट कळले असेल, याचा कृपया शांतपणे विचार करा. तिचा तिसरा निकाल ग्रुपवरून काढून टाकावा आणि ‘तुझी पहिली उत्तरे तुझी होती, मी मध्ये पडायला नको होते’ असे तिला सरळ सांगावे, ही माझी पहिली विनंती आहे. बाकीचे त्यानंतर.

आता या सोळा प्रकारांविषयी. कार्ल युंग यांनी 1921 मध्ये माणसांच्या मनोवृत्तीचे प्रकार मांडले. त्या मांडणीवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकेतील मायलेकींनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही प्रश्नावली आकाराला आणली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. हे त्यांचा अधिकार नाकारण्यासाठी सांगत नाही. आपण कोणत्या पायावर मुलीचे भवितव्य उभे करू पाहत आहोत ते तुम्हाला ठाऊक असावे म्हणून सांगतो. इंटरनेटवरच्या फुकट चाचण्या तर त्या प्रश्नावलीच्या केवळ धर्तीवर बेतलेल्या असतात. शिवाय बहुतेक माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांपैकी कोणत्याही टोकाला नसून मध्याच्या आसपास असतात. चाचणी मात्र त्या मध्यावरच रेघ ओढते आणि रेघेच्या अगदी जवळ असलेल्या दोन मुलांना दोन वेगळी अक्षरे देऊन मोकळी होते. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर अनेकांचा प्रकार बदलतो, आणि त्यासाठी वडिलांनी शेजारी बसण्याचीही गरज नसते.

तुमचा मुख्य गैरसमज मात्र वेगळा आहे आणि तो दूर करणे मला फार आवश्यक वाटते. तर्काने निर्णय घेणारी ती हुशार आणि भावनेचा विचार करणारी ती कमी हुशार, असे तुम्ही गृहीत धरले आहे. निर्णय घेताना माणसाचा कल कोठे झुकतो, एवढेच हा प्रश्न विचारतो; विचार करण्याची क्षमता तो मोजतच नाही. ही चाचणी क्षमता मोजत नाही आणि कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ नाही, हे तिचा पुरस्कार करणारेही सांगतात. बुद्धिमत्तेची चाचणी पूर्णपणे निराळी असते: तिथे प्रश्नाला बरोबर आणि चूक अशी उत्तरे असतात, ती सोडवून दाखवावी लागतात, ‘मला असे वाटते’ म्हणून चालत नाही. आपण फार तर्कशुद्ध आहोत असे स्वतःविषयी सांगणारा मुलगा तर्काचे उदाहरण सोडवू शकेलच, असे नाही.

मग व्यक्तिमत्त्व आणि बुद्धी यांचा काहीच संबंध नाही का? आहे, परंतु तो तुम्हाला वाटतो तेवढा नाही आणि तिथेही नाही. संशोधक आज प्रामुख्याने पाच गुणवैशिष्ट्यांची चौकट वापरतात. त्यांपैकी नव्या कल्पनांविषयीची ओढ, म्हणजे अनुभवांप्रतीचा खुलेपणा, याचा बुद्धिमत्ता चाचणीतील गुणांशी सहसंबंध साधारण 0.2 ते 0.3 इतका आढळतो. याचा अर्थ माणसामाणसांतील फरकाचा जेमतेम चार ते नऊ टक्के भाग त्यातून उलगडतो. उरलेल्याविषयी ते वैशिष्ट्य काहीच सांगत नाही. सोळा प्रकारांतील ‘एन’ हे अक्षर, म्हणजे समोरच्या तपशिलापेक्षा कल्पना आणि शक्यतांकडे असलेला कल, याच खुलेपणाशी बरेच जुळते, आणि ‘आयएनटीजे म्हणजे महाबुद्धिमान’ या समजुतीमागे सत्याचा जो काही अंश आहे तो एवढाच. मुलगी अबोल आहे की बोलकी, याचा बुद्धीशी संबंध जवळजवळ शून्य आहे.

आता ज्या गुणाकडे तुम्ही पाहायला हवे होते त्याच्याविषयी तुम्ही तक्रार केली आहे. जर्नलमध्ये जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद काढायला ती दीड तास लावते, पुंकेसरांच्या नळीची रेघ जाड आली म्हणून खोडून पुन्हा काढते, आणि ‘एवढ्या वेळात पन्नास एमसीक्यू झाले असते’ असे तुम्ही वैतागून लिहिता. हा काटेकोरपणा, हाती घेतलेले काम नीट पुरे करण्याची ही वृत्ती, शैक्षणिक यशाशी निश्चितपणे जोडलेली आहे. ऑस्ट्रेलियातील आर्थर पोरोपॅट यांनी 2009 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा या गुणाचा परीक्षेतील यशाशी असलेला संबंध बुद्धिमत्तेपासून बऱ्याच अंशी स्वतंत्र असल्याचे दिसले. तुमच्या मुलीजवळ तो आहे, आणि तुम्ही तो तिच्या हातून सोडवू पाहत आहात.

भौतिकशास्त्राचा पेपर अपुरा राहतो, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर कोणत्याही व्यक्तिमत्त्व चाचणीत मिळणार नाही. नीटमध्ये आता 180 प्रश्नांना 180 मिनिटे असतात, त्यामुळे मुळात सावकाश काम करणाऱ्या मुलांना अडचण येतेच. एक साधी गोष्ट करा. भौतिकशास्त्राचे वेळेअभावी राहून गेलेले प्रश्न तिला घड्याळ न लावता सोडवू द्या. बहुतेक बरोबर आले तर वेगाच्या सरावाची गरज आहे. चुकले तर कोणत्या धड्याची संकल्पना कच्ची आहे ते शिक्षकांकडून तपासून घ्या. या दोहोंचे उपाय वेगवेगळे आहेत. व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग यांपैकी कोणाचाच उपाय नाही. त्या वर्गाची फी भरू नका.

बुद्धिमत्ता मोजूनच घ्यायची असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून समोरासमोर घेतलेली प्रमाणित चाचणी घ्यावी. बिने यांच्या चाचणीचे मराठी मुलांसाठीचे रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातच केले होते, त्यामुळे आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. मात्र आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये ती चाचणी रचली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून, मुलांची उतरंड लावण्यासाठी नव्हे. मुलीची बुद्धी आयुष्यभरासाठी ठरलेली आहे, असे मानण्याला त्यांचा स्वतःचाच विरोध होता. तुमच्या मुलीला आज या चाचणीची गरज आहे, असे मला पत्रावरून अजिबात वाटत नाही.

मार्गांविषयी थोडक्यात: नीट आहेच, एमएचटी-सीईटीमधून कृषी पदवी आहे, आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या स्वतंत्र परीक्षेतून जीवविज्ञानाचे संशोधन आहे, आणि वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे जाणेही सन्मानाचे आहे. यांपैकी डॉक्टर होणे कोणाला हवे आहे, हे तुमच्या चार पानी पत्रात कुठेही आलेले नाही. ‘आम्ही ठरवले आहे’ असे तुम्ही चार ठिकाणी लिहिले आहे आणि त्या ‘आम्ही’मध्ये मुलगी आहे असे एकाही वाक्यावरून दिसत नाही. तिच्या आईचे मत काय, तेही नाही.

म्हणून पुढचे पत्र मुलीला लिहू द्या. क्लासनंतर ती कशात रमते, कोणता विषय समजल्यावर तिला आनंद होतो आणि नीट द्यायची तिची स्वतःची इच्छा किती आहे, एवढे तिने एका पानावर लिहावे. ते पान तुम्ही वाचू नका आणि दुरुस्तही करू नका. पाकीट तिनेच बंद करून पाठवावे. अकरावीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत विषय किंवा क्लास बदलण्याचा कोणताही निर्णय घेऊ नका. तिचे पत्र आल्यावर मी तिलाच उत्तर देईन.