पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे झालेली जखम भरत नाही, शिरेचं ऑपरेशन आत्ताच करावं की जखम भरल्यावर?

आमच्या बाबाले हेच झालं होतं, घोट्याच्या आतल्या बाजूनं कातडी काळी पडली अन् तिथंच रुपयाएवढी जखम, कपाशीत दिवसभर उभं राहिलं की सांजच्याला पाणी गळायचं अन् आम्ही बसलो हळद लावत. जो तो सांगे, आधी जखम भरू द्या मंग शिरेचं पाहू.

पण २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ईव्हीआरए नावाच्या ट्रायलचा (पेशंटवर केलेल्या अभ्यासाचा) रिझल्ट आला, त्यात ४५० पेशंट, दाबाची पट्टी दोन्ही गटांना, फरक एवढाच की एका गटात दोन आठवड्यांच्या आत लेझर वगैरेनं खराब शीर बंद केली, दुसऱ्यात जखम भरल्यावर नाहीतर सहा महिन्यांनी. लवकरवाल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, उशिरावाल्यांची ८२. म्हणजे थांबण्यात काही हशील नाही, व्हॅस्क्युलर सर्जनले, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरले दाखवाच.

फक्त घट्ट पट्टी स्वतःच्या मनानं बांधू नका राजेहो! आधी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह पाहायची तपासणी) करून पायाच्या धमनीत रक्त बरोबर येते का ते पाहून घ्या, शुगर अन् बिडीवाल्यांनी तर नक्कीच, कारण तिथं ब्लॉक असला तर पट्टीनं पायच जायचा. अन् शीर बंद केली म्हणून पट्टी लगेच सुटत नाही, बाबा अजून दाबाचा मोजा घालतात, कुरकुर करत का होईना.