पहिल्यांदाच घरी नाताळ करतेयस ना?

अगं, सुरुवात सजावटीपासून नको, केकपासून कर. बेदाणे, चेरी, संत्र्याची साल नोव्हेंबरअखेरच रममध्ये भिजत घाल. रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण तो आदल्या दिवशीच, फ्रिजमध्ये. सुकामेवा ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून आण.

कलकल, म्हणजे नाताळचा तो तळलेला गोड खाऊ, एकटीने करायला बसू नकोस. अर्धा किलो मैदा, नारळाचं दूध, थोडं तुपाचं मोहन. छोट्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून शिंपल्यासारख्या वळायच्या. आच मंद ठेव, नाहीतर बाहेरून लाल आणि आत कच्चे. शेजारणींना हाक मार. वळता वळता ज्या गप्पा होतात, माझा नाताळ तिथेच सुरू होतो.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी प्लास्टिकचं गवत मला अजिबात आवडत नाही. 15 डिसेंबरच्या सुमारास वाट्यांत गहू पेर, घटस्थापनेला पेरतात तसे. 24 पर्यंत हिरवेगार होतात. दिवाळीच्या कंदिलाच्या कामट्या असतील तर त्यांचाच तारा बांध. रंग दोनच, पांढरा आणि सोनेरी. घर लगेच देखणं दिसतं.

तळण 23 लाच उरक. 24 ला रात्री तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये मिसाला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जायचंय. आणि बाळ येशूची मूर्ती घरी परत आल्यावरच गोठ्यात ठेव, तोवर ती जागा रिकामी असू दे.