मॉर्फिन भरताना हात थरथरतो, म्हणून नर्सिंग सोडायचं?

प्रश्न : मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या पोस्टिंगमध्ये ऑपरेशन झालेल्या रुग्णासाठी मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक सिरिंजमध्ये भरताना माझा हात थरथरला. हिशेब पुन्हा पुन्हा केला, सिस्टरना विचारत राहिले; बरोबरच्या मुली हसल्या. आपल्या हातून कुणाचा तरी जीव जाईल, ही भीती डोक्यातून जात नाही. शिक्षण सोडून हॉस्पिटल मॅनेजमेंटकडे वळू का?

उत्तर : सोडू नकोस, निदान या कारणासाठी तरी नको. मॉर्फिन भरताना ज्यांना काहीच वाटत नाही, त्यांची मला जास्त धास्ती वाटते.

तुझ्या पत्रात दोन भीती एकमेकींत मिसळल्या आहेत, आकडेमोडीची आणि औषधाची. पहिली सरावाने जाते. समज, ऑर्डर ४ मिलिग्रॅमची आहे आणि अँपूलमध्ये (औषधाच्या बंद काचेच्या कुपीत) १ मिलीत १० मिलिग्रॅम आहे, तर ०.४ मिली भरायचं. इथे दशांशाचं टिंब चुकलं तर डोस दहापट होतो. म्हणून अनेक ठिकाणी ते अँपूल सलाइनने १० मिलीपर्यंत पातळ करतात. मग १ मिली म्हणजे सरळ १ मिलिग्रॅम. टिंबाआधी शून्य लिहायचंच आणि पूर्ण आकड्यापुढे ‘.०’ लिहायचं नाही, हा नियमही त्या टिंबापायीच आला. दुसऱ्या नर्सने हिशेब स्वतंत्रपणे करायचा असतो. तुझं उत्तर बघून मान डोलावली, तर ती तपासणी नव्हे. तेव्हा तू विचारत राहिलीस ते रीतसरच होतं. हसणाऱ्यांना हसू दे.

औषधाच्या भीतीचं बोलू. मॉर्फिनने श्वास मंदावू शकतो, हे खरं. पण बहुतेक वेळा त्याआधी गुंगी वाढते. रुग्ण बोलता बोलता डोळे मिटायला लागला, वाक्य अर्धवट सोडून पेंगला, की पुढचा डोस थांबवायचा, श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे आणि लगेच डॉक्टरांना कळवायचं. नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण त्याचा असर बऱ्याचदा मॉर्फिनच्या आधी ओसरतो. रुग्ण जागा झाला म्हणून पाठ फिरवता येत नाही. शिरेतून डोस दिल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांनी आणि गोळी दिल्यावर तासाभराने परत जायचं, दुखणं किती उरलं आणि गुंगी किती आहे ते बघून चार्टवर लिहायचं. माझ्या मते चांगली नर्स ओळखावी ती या परत जाण्यावरून. तुझ्यासारखी धास्तावलेली मुलगी ते सहसा चुकवत नाही.

गंमत अशी, की पॅरासिटामॉल देताना कुणाचाच हात थरथरत नाही. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा आजार किंवा वजन कमी असेल तर त्याहूनही कमी. एकीकडे शिरेतून पॅरासिटामॉल चालू, दुसरीकडे वेदनाशामक मिश्र गोळीतही तेच, आणि बेरीज करायचं राहून जातं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं देण्याआधी मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर, दमा आहे का, हेही विचारायला हवं. तुझी थोडी भीती इकडेही वळव.

आणि भीतीपोटी कमी औषध देणं सुरक्षित असतं, असं समजू नकोस. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला फार दुखत असेल तर तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. मार्गो मॅकॅफ्री या नर्सने १९६८ मध्येच मांडलं, की रुग्ण सांगतो ते दुखणं खरं मानायचं. तरी ‘एवढं काही दुखत नसेल’ हे वाक्य वॉर्डात अजून ऐकू येतं.

क्षेत्र बदलण्याला माझा विरोध नाही. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून वैद्यकीय समाजसेविका झाल्या, पुढे डॉक्टर. १९६७ मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (आयुष्याच्या अखेरीला आलेल्या रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र) सुरू केलं. दुखणं उसळायची वाट न बघता ठरावीक वेळाने मॉर्फिन द्यायची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या वळत गेल्या, पण नर्सिंगमध्ये शिकलेलं टाकून दिलं नाही. तूही पदवी पूर्ण कर. मॅनेजमेंटला नंतरही जाता येईल, आणि वॉर्ड माहीत असलेल्या माणसाची तिथे किंमत वेगळी असते.

तोवर इन्चार्ज सिस्टरना सांगून रिकव्हरी रूम किंवा पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या विभागात) पोस्टिंग मिळतंय का ते बघ. ही औषधं तिथे रोज हाताळली जातात, आणि देखरेखीखाली शिकायला मिळतं. तिथली पोस्टिंग संपल्यावरही भीतीने झोप उडत असेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांशी बोल, आणि सामुदायिक आरोग्य, संसर्ग नियंत्रण किंवा अध्यापन यांपैकी काय जमेल ते मला कळव. त्यावर सविस्तर लिहीन.