पेव कोणासाठी उघडले?

बडोद्याच्या एका ऐतिहासिक कादंबरीकार भगिनीचे हे पत्र आहे. त्यांच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग झाले, कारीट फोडले, की 82 वर्षांचे काका पितळी मापटे बाजरीने शिगोशीग भरून उंबऱ्यावर ठेवतात, आणि ती बाजरी दारी आलेल्या माणसाच्या पदरात पडल्याशिवाय घरात कोणी फराळाला हात लावत नाही. मग काका गोष्ट सांगतात, की छप्पन्या दुष्काळात, म्हणजे विक्रम संवत 1956 च्या (इ.स. 1899-1900) दुष्काळात, पणजोबांनी पेव, म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार, उघडून गावाला धान्य वाटले. कादंबरीसाठी घरातील मोडी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचताना या भगिनींना त्याच पेवातील बाजरी चढ्या दराने विकल्याच्या नोंदी सापडल्या. त्यातच यंदा काकांना बोलताना दम लागतो, म्हणून ते म्हणाले, ‘गोष्ट या वर्षी तू सांग, तू लेखिका आहेस.’ मुलांना खोटे सांगू, की काकांचे मन मोडू, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही एका महिन्यापासून काकांच्या आधी चहा घेऊन वर लिहायला निघून जाता, जेवतानाही नजर चुकवता, हे वाचून मला तुमच्याइतकीच काकांचीही काळजी वाटली, कारण घरातले म्हातारे माणूस असे टाळणे लगेच ओळखते आणि त्याचा दोष स्वतःकडे घेते.

काकांशी बोलण्याआधी ते पान पुन्हा वाचा. नोंदीवर ‘56 आश्विन’ आहे, असे तुम्ही लिहिले आहे. गुजरातेतील विक्रम संवत कार्तिकात बदलतो, तर उत्तरेकडचा चैत्रात, त्यामुळे चैत्रापासून आश्विनापर्यंतच्या महिन्यांत दोन्ही गणनांमध्ये एका वर्षाचा फरक पडतो. धान्य घेणारा व्यापारी गुजराती असेल आणि कारकुनाने त्याचाच संवत लिहिला असेल, तर तो आश्विन 1900 मधला, म्हणजे पुढच्या पावसाळ्यानंतरचा ठरतो. मारवाडी असेल, तर कदाचित 1899 मधला, पाऊस दगा देऊन गेला तेव्हाचा. या दोन आश्विनांच्या मधल्या काळात माणसे मेली, गुरे मेली. बडोदे संस्थानाची लोकसंख्या 1891 च्या खानेसुमारीत सुमारे 24 लाख होती, ती 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. अशा वर्षी एखाद्या माणसाने धान्य कोणत्या महिन्यात विकले, यावर त्याच्याविषयीचा सगळा निवाडा अवलंबून राहतो.

दराचेही तसेच आहे. बडोद्यात तेव्हा संस्थानाचा स्वतःचा बाबाशाही रुपया चालत असे आणि इंग्रज सरकारच्या कलदार रुपयापेक्षा त्याची किंमत कमी होती. गुजरातचा मणही सरकारी बंगाली मणाच्या जवळजवळ निम्माच भरे. रोजकीर्दीतील आकडा कोणत्या रुपयाचा आणि कोणत्या मणाचा, हे ठरल्याशिवाय ‘चढा दर’ हे शब्द लिहू नका. सयाजीराव महाराजांनी त्या दुष्काळात स्वतः दौरा केला होता आणि त्याची टिपणे पुढे छापली गेली. तुम्ही ती पाहिली असतीलच, पण आता ही एकच शंका मनात धरून पुन्हा पाहा.

एवढे करूनही नोंद तुमच्याच म्हणण्याला पुष्टी देईल, अशी शक्यता मोठी आहे. तसे झाले, तर ती लपवू नका, असेच मी सांगेन. ‘शेवटी कादंबरीच आहे, असे म्हणून सुटता येईल,’ असे तुम्ही लिहिले आहे, ते मात्र मला पटले नाही. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी एवढ्या परिसरातील मराठी घरे एकमेकांना तीन-चार पिढ्यांपासून ओळखतात. पेव, मापटे आणि बाजरी ही तीन चिन्हे दिसली, की माणसाचे नाव बदलून काही उपयोग होणार नाही, आणि काकांना ते पुस्तकातून किंवा लग्नकार्यात शेजाऱ्याच्या तोंडून कळेल. तो घाव मी तुम्हाला घालू देणार नाही.

म्हणून वसुबारसेच्या आधी एखाद्या दुपारी, काकांची झोप झाल्यावर, रोजकीर्द घेऊन त्यांच्यापाशी बसा. कादंबरीचे प्रकरण नको, मूळ पान दाखवा. निष्कर्ष आधी सांगू नका. अक्षर लावून दाखवा आणि त्यांना वाचू द्या. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणारही नाहीत, आणि तेवढा त्यांचा हक्क आहे. ‘पणजोबांना बदनाम करतेस’ असे म्हणाले, तर वाद न घालता त्यांना एवढेच विचारा, की ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली. उत्तर वडिलांकडे जाते की आईकडे, ते नीट टिपून ठेवा.

दिवाळीच्या पहाटे मापट्यापाशी तुम्ही उभे राहावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती बाजरी गेली कित्येक वर्षे खरोखर कोणाच्या तरी पदरात पडली आहे, आणि तेवढी गोष्ट कोणत्याही रोजकीर्दीने खोटी ठरत नाही. मुलांना दुष्काळ सांगा, सुकलेल्या विहिरी सांगा, आपल्या पेवात धान्य होते आणि ते उघडले गेले, हेही सांगा, कारण ते खरेच आहे. कोणासाठी उघडले, ते अजून शोधत आहोत, असे म्हणा. घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे उत्तर पेलते; माझ्या स्वतःच्या घरी मी ते पाहिले आहे. काकांशी आधी बोलणे झाले असेल, तर त्यांनाही ते ऐकताना धक्का बसणार नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला फार खटकली. चार पानांत काकूंचा उल्लेख एकदाच आहे, तोही अनारसे त्या करतात एवढाच. मापटे वर्षभर कुठे असते, चिंचेने कोण घासते, त्यात बाजरीच का आणि तांदूळ का नाहीत, हे काकांपेक्षा काकूंना ठाऊक असेल, कारण असे कुळाचार सासू सुनेच्या हाती देते. पणजोबा रोजकीर्द लिहीत होते, तेव्हा पणजीने स्वयंपाकघरातून कोणाला किती पसे धान्य दिले, ते त्या वहीत चढले नसणार. हे मी अनुमान म्हणूनच सांगते. ते पुराव्याशिवाय कादंबरीत घालू नका. पण अनारशांचे पीठ भिजत असताना काकूंजवळ बसून एवढे विचारा, की ते मापटे त्यांच्या हाती पहिल्यांदा कोणी दिले आणि देताना काय सांगितले.