टाचणवही पस्तीत (रद्दीत) देऊ नकोस

तू विचारलंस की बी.एड.चं दुसरं वर्ष चालू आहे, पुढच्या वर्षी मेलबर्नला यायचं घाटतंय, तर शिक्षिकेच्या नोकरीसाठी लागणारा पोर्टफोलिओ आतापासूनच करायला घ्यावा की इकडे आल्यावर केला तरी चालेल. माझ्याच बडोद्याच्या, दांडिया बाजारात राहणाऱ्या मुलीने हे विचारावं आणि मी दोन ओळींत उत्तर द्यावं, हे काही मला जमलं नाही. तीन दिवस मनात घोळतंय. आतापासूनच कर. आज पाठाचं टाचण काढलं असशील तर आजपासून.

आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, व्हिसा, फी हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट लिहिलेलं आहे, ते मी परत सांगत नाही. एकाच कागदाबद्दल सांगते, कारण त्यापायी माझे सात महिने गेले. शिक्षकांची पात्रता तपासणारी इथली संस्था, एआयटीएसएल, देखरेखीखाली किमान 45 दिवस शिकवल्याचा पुरावा मागते. आपल्या गुणपत्रिकेवर काय असतं? ‘सराव पाठ’ आणि त्यापुढे गुण. दिवस कुठेच नसतात. माझ्यासाठी भाऊ माझ्या कॉलेजच्या ऑफिसात किती वेळा जाऊन बसला असेल! एकदा ‘असं पत्र आम्ही देत नाही’, एकदा ‘साहेब रजेवर’. शेवटी पत्र मिळालं तर त्यात दिवसांऐवजी पाठांची संख्या. पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षं झाली तरी त्या ऑफिसचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

माझं बी.एड. जुनं, एका वर्षाचं. तुझं दोन वर्षांचं आहे, 20 आठवड्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) आहे, म्हणजे दिवस भरपूर. पण ते कागदावर उतरायला हवेत: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण दिवस, इयत्ता, मुलांची वयं, विषय, देखरेख कुणाची. ओळखीची माणसं खुर्चीवर आहेत तोवर लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी घे. तीन प्रती घे.

आता पोर्टफोलिओ. आपल्याकडे त्याचा अर्थ काय घेतात ते मला माहीत आहे. स्पायरल बाइंडिंग, रंगीत कव्हर, प्रमाणपत्रं, विज्ञानमेळ्याचे फोटो. मी तेच घेऊन गेले होते. पहिल्याच शाळेत मुख्याध्यापिकेला मी लॅपटॉपवर माझ्या वर्गाचे फोटो दाखवू लागले, मुलांचे चेहरे, खाली नावं. त्यांनी हलकेच लॅपटॉप मिटला. म्हणाल्या, या मुलांच्या आईवडिलांना तुम्ही विचारलंय का? मी विचारलेलं नव्हतं. मग त्यांनी दुसरं विचारलं: त्या तासाला मुलं काय शिकली, हे तुम्हाला कशावरून कळलं?

मला उत्तर येत होतं. दाखवायला काही नव्हतं.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका गुजराती शाळेत माझे सराव पाठ होते. सातवीला अपूर्णांकांची बेरीज. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी फळ्यावर रीत परत करून दाखवली, तास वेळेत संपवला. निरीक्षकांनी शेरा दिला, ‘फलकलेखन सुंदर’. शेवटच्या बाकावरची मुलगी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, ‘बेन, समज ना पडी.’ रात्री मी टाचण खोडून नव्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी कागदाच्या सारख्या पट्ट्या नेल्या, घड्या घालायला लावल्या. तिने अर्ध्याची पट्टी आणि दोन पंचमांशाची पट्टी शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाली, ‘बेन, आ तो ओछुं थई गयुं.’ अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी! तिचं तिलाच दिसलं. मी शिक्षिका झाले ती त्या दिवशी, असं मी आजही मानते.

आणि ती वही, खोडलेल्या टाचणासकट, 2013 मध्ये निघण्याच्या आदल्या आठवड्यात मी पस्तीवाल्याला किलोवर घातली. सामानाचं वजन मोजत होते ना.

इथे आल्यावर तो पाठ मी आठवणीतून पुन्हा लिहून काढला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. छान लिहिला, पट्ट्यांची चित्रंसुद्धा काढली. वर तारीख घालायची वेळ आली तेव्हा हात थांबला. जुनी तारीख घातली असती तर कुणाला कळलंही नसतं. घातली नाही. मुलाखतीत पॅनेलने पान उलटून विचारलं, हे कधीचं? आठवणीतून लिहिलंय म्हटलं. त्यांनी पान मिटलं. ती नोकरी मिळाली नाही. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्या गावाची मी, आणि तिथे बसलेल्या कुणाला बडोदा कुठे आहे तेही ठाऊक नव्हतं. माझ्या शब्दावर का विश्वास ठेवावा त्यांनी?

म्हणून तू पाठाचा अख्खा संच ठेव. आधीची छोटी चाचणी, टाचण खाडाखोडीसकट, चार-पाच मुलांची उत्तरं नावं कापून, निरीक्षकांचा शेरा, त्याच संध्याकाळी तू लिहिलेल्या चार ओळी आणि दुसऱ्या दिवशीचं बदललेलं टाचण. प्रत्येकावर तारीख. इथल्या शिक्षक-मानकांचे 7 भाग आणि 37 मुद्दे आहेत. मुली 37 फायली करत बसतात. गरज नाही. असा एक संच मुलांची ओळख, विषयज्ञान, नियोजन, मूल्यमापन, शेऱ्यावरून सुधारणा, सगळ्याला पुरतो. समासात मुद्द्याचा क्रमांक लिहायचा. उत्तरं गुजरातीत असतील तर तशीच ठेव, शेजारी इंग्रजी कर. इथे वर्गात कितीतरी मुलांच्या घरची भाषा वेगळी असते, तीन भाषांत मुलाची चूक वाचता येणं ही मोठी गोष्ट आहे. फसलेला पाठ तर आवर्जून ठेव. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, आधी तात्पुरती नोंदणी मिळते, पूर्ण नोंदणीसाठी किमान 80 दिवस शिकवून पुन्हा असाच पुरावा मांडावा लागतो. सवय असली की ते ओझं वाटत नाही.

तू मुलांच्या शाळेचं विचारलं नाहीस, तरी सांगते. आमचा मुलगा चौथी करून आला. इथलं वर्ष जानेवारीअखेर सुरू होतं, आम्ही आलो मधेच, जूनमध्ये. शाळेने चाचणी घेतली, गणितं सगळी इंग्रजीतली, शब्दांची. त्याला गणिताच्या मागे पडलेल्या गटात बसवलं. मोठा भागाकार सहज करणारं पोर. बाईंनी चांगल्या शब्दांत विचारलं, याचं आधीचं काही काम आहे का दाखवायला? त्याच्या वह्याही त्याच पस्तीत गेल्या होत्या. मी तोंडानेही नीट सांगितलं नाही. माझं इंग्रजी अडखळत होतं, त्याच भागात नोकरी शोधत होते, भांडखोर ठरायची भीती वाटली. दीड वर्ष तो त्या गटात होता. अकरावीत त्याने गणित सोडलं. म्हणतो, आई, मला आवडतच नव्हतं. मी गणिताची शिक्षिका, मी त्यावर काही बोलत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. पहिला हिवाळा जड जातो, मग काम लागतं. निभतं.

या आठवड्यातली तीन टाचणं फोनवर स्कॅन करून मला पाठव, रविवारी बघून कळवते. मूळ वही आईकडे दे. माळ्यावर नको, दिवाळीच्या साफसफाईत जाते. कपाटात ठेवायला सांग, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, पस्तीत देऊ नये.